पाच जादा पडदे

बोट रिकाम्या लाकडावर पडलं. झालं एवढंच. दुकानात तीन माणसं होती आणि लुत्फी सोडून कुणीही चमकलं नाही. गल्ल्यामागे मदाम इनास सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती, ती सोलतच राहिली. समोरच्या स्टुलावरची गिऱ्हाईक बाई कौतुकानं मान हलवत होती, ती हलवतच राहिली. लुत्फीला मात्र, अंधारात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. त्यानं वादन थांबवलं नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं, त्यातली पंचवीस वर्षं कैरोच्या गल्ल्यांमधून लग्नांत वाजवलेल्या माणसानं, चूक झाली म्हणून थांबायचं नसतं. चूक दुसऱ्यांदा तशीच वाजवायची, म्हणजे लोकांना ती मुद्दाम केलेली वाटते. पण दुसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा त्याची हिंमत झाली नाही.

गिटार चिनी होती, लाल रंगाची, दुकानातली सगळ्यांत स्वस्त. अशा गिटारी गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायचा त्याचा एक ठरलेला क्रम होता आणि तो दहा मिनिटांत संपे. आधी स्वच्छ आवाजात हॉटेलातल्या नाचाचे कॉर्ड, मग अमेरिकन काळ्या लोकांचं ते रडवं संथ वादन, मग आवाज फाडायचं बटण दाबून पोरांचं धडाड-धडाड, मग ते बटण बंद करून दक्षिणेकडच्या नूबी लोकांची पाच सुरांची चाल, जी उंटाच्या चालीनं जाते. आणि शेवटी, गिऱ्हाईक अरबी रक्ताचं आहे हे ओळखून, सिका. सिका म्हणजे कोमल गंधाराच्या वरचा आणि शुद्ध गंधाराच्या खालचा सूर. आईच्या ओव्यांत असतो, अजानीत असतो, फूल नावाची उसळ विकणाऱ्या गाडीवाल्याच्या आरोळीत असतो, फक्त गिटारमध्ये नसतो. गिटारच्या दांडीवर सतारीसारखे आडवे पडदे असतात, आणि ते ठोकणाऱ्याला हा सूर ठाऊकच नव्हता. या दुकानात लागल्यापासून गेली अकरा वर्षं लुत्फी खालच्या पडद्यावरची तार बोटानं किंचित ढकलून तो सूर चोरून आणत असे. चोरीचा माल, पण गिऱ्हाइकाला चालायचा. आज बोटानं चोरी केली नाही. ते सरळ दोन पडद्यांच्या मधोमध गेलं आणि स्वतःच्या घरी बसावं तसं बसलं. तिथं पडदा नव्हता. तार पुढच्या पडद्याला टेकली आणि एक गोरा, परका सूर बाहेर पडला.

“बघितलंत ना?” इनास म्हणाली. “जाझ म्हणा, रॉक म्हणा, लग्न म्हणा, मयत म्हणा. सगळं वाजतं. या किमतीत सगळं वाजणारी दुसरी दाखवा, मी दुकान तुमच्या नावावर करते.”

बाई हसली. तिशीची होती. नाव रशा, शुब्रामध्ये औषधांच्या दुकानात कामाला, हे तिनं आल्या आल्या सांगून टाकलं होतं. धाकट्या भावासाठी गिटार हवी होती. तो, याह्या, मन्सूराला शिकत होता आणि शिकण्यापेक्षा एका बँडमध्ये धडाड-धडाड जास्त करत होता, तेही उसन्या गिटारवर. “आणि माझे बाबा,” ती म्हणाली, “आमचे बाबा अंथरुणावर आहेत. त्यांचं एकच चालू असतं, त्या पत्र्यातून आपलं काही वाजतं का रे? एक ओळ वाजवून दाखव, मी तुझे हात चुंबीन. आणि हा म्हणतो, बाबा, त्यात ते सूरच नसतात. आठ महिने झाले, दोघं बोलत नाहीत.” मग तिनं लुत्फीकडे पाहिलं. “अम्मो, तुम्ही आत्ता शेवटी वाजवलंत ना, तेच. ते यात आहे ना?”

लुत्फीला त्या ‘अम्मो’नं बरं वाटलं. सख्ख्या पुतण्यांनी ही हाक मारायची, पण त्याला पुतणे नव्हते. असते तर तिच्याच वयाचे असते. “आहे आणि नाही,” तो म्हणाला. “तार ढकलून काढावा लागतो.”

“तो कसला ढकलतोय. त्याला धीर नाही. मला कुणीतरी म्हणालं, मधे जादा पडदे बसवून मिळतात. म्हणजे बोट ठेवलं की सूर.”

“मिळतात की!” इनासनं बियांचा हात झटकला. “हा काय समोर बसलाय. मोहम्मद अली रस्त्यावर वाद्यं बनवणाऱ्या उस्ता बयूमीच्या हाताखाली तयार झालेला माणूस आहे. असं काम करणारे कैरोत आता दोघेच उरलेत, आणि दुसऱ्याला दिसत नाही.”

“मी ते काम सोडलंय, मदाम.”

“का? हाताला मेंदी लावलीय?”

रशा हसली. लुत्फीही हसला, आणि हसता हसता त्याला जाणवलं की आता सांगायचं. आता नाही तर कधी? समोर एक परकी बाई आहे, भावावर माया असलेली, आणि ती बरोबर तेच करायला निघाली आहे. एकोणचाळीस वर्षं जे वाक्य त्याच्या छातीत आडवं पडलं होतं ते फार लांबही नव्हतं. तीन शब्दांचं होतं. ती मी कापली. आई असताना म्हणायचं होतं, जमलं नाही. बायकोला म्हणायचं होतं, तोवर बायको सोडून गेली. त्यानं गिटार मांडीवरून उतरवून काउंटरवर ठेवली. “माझ्या थोरल्या भावाची एक गिटार होती,” तो म्हणाला. “सामेह त्याचं नाव. तिला पाच जादा पडदे होते.”

“बघा!” रशा म्हणाली.

“ती,” लुत्फी म्हणाला, “ती त्यानं...” आणि तोंडानं, जसं मघाशी बोटानं, नेहमीच्या घराचा रस्ता धरला. “ती त्यानं स्वतःच कापून घेतली होती. हौसेनं.”

“आणि आवडली त्याला?”

“म्हणाला, छान कापलीस. हात चांगला आहे तुझा.”

हे मात्र शब्द न् शब्द खरं होतं. रशानं टाळी वाजवली. बुधवारी न्यायला येते म्हणाली.

सामेह त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. सय्यिदा झैनबमधल्या दोन खोल्यांत बापाच्या मागे तोच बाप होता. त्याची गिटारही स्वस्तातलीच, झेकोस्लोव्हाकियातून आलेली, देश सोडून चाललेल्या एका अर्मेनियन वादकानं जाता जाता विकलेली. दांडी थोडी जाड, लाल रंग कोपऱ्यांवर उडालेला. सामेह तिच्यावर नाइलकाठच्या मोठ्या हॉटेलांतलं संगीत वाजवायचा, गुळगुळीत, इस्त्री केलेलं. अशाच एका हॉटेलच्या वाद्यवृंदात गिटारवाला हवा होता आणि गुरुवारी वाजवून दाखवायला बोलावलं होतं. लुत्फी तेव्हा एकोणीस वर्षांचा, बयूमीकडे ऊद हे अरबी तंतुवाद्य तासायला शिकत होता, आणि त्याला नवी अक्कल फुटली होती. त्या दिवसांत लग्नाच्या बँडवाल्यांमध्ये गिटारीला जादा पडदे बसवायची टूम निघाली होती. एकाच वाद्यात परदेशही आणि गल्लीही. लुत्फीला वाटलं, हॉटेलवाल्यांसमोर सामेहनं आधी त्यांचं वाजवावं आणि मग हळूच सिका काढावा. लोक खुर्चीतून उठतील. मंगळवारी सामेह तांता गावी मावशीकडे गेला तेव्हा यानं गिटार बयूमीच्या दुकानात नेली आणि बारीक करवतीनं पाच खाचा पाडल्या. पडदे इतके सफाईनं बसवले की स्वतः बयूमीनं दांडीवरून अंगठा फिरवून शीळ घातली. सुखानं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पुढं आयुष्यभर जेवण न जाण्याची कारणं वेगळी झाली.

बुधवारी दुपारी सामेह आला. गिटार पिशवीतून काढली आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. लुत्फी दारात उभा होता, तोंडभर हसत. आज तो प्रसंग आठवताना त्याला सगळ्यांत जास्त लाज त्या हसण्याची वाटते. सामेहनं एक कॉर्ड धरला. चार बोटं, त्यातलं एक जुन्या सवयीनं पडद्यापासून जरा मागे राहणारं. आता त्या मागच्या जागेत नवा पडदा आला होता. कॉर्ड आंबला. दुधात लिंबाचा एक थेंब पुरतो, तसा सगळाच्या सगळा आंबला. त्यानं पुन्हा धरला. मग तोंड वर करून तो म्हणाला, “छान कापलीस. हात चांगला आहे तुझा.” “काढू का?” लुत्फीनं विचारलं, कारण एव्हाना त्याचं हसू चेहऱ्यावर वाळायला लागलं होतं. “नको. आता काढलेस तर दांडी चिरेल.” आणि सामेह बाल्कनीत जाऊन बसला. खाली टरबुजांची गाडी उभी होती, आत आई छोट्या भोपळ्यांत भात भरत होती, आणि तो तिथं बसून वाजवत होता, उन्हं उतरेपर्यंत. त्याला बोटांकडे खाली बघून वाजवताना लुत्फीनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पंधरा वर्षं जे हात डोळे मिटून चालत होते ते आता ठेचकाळत होते. मित्राची गिटार मागून आणायला त्यानं मधेच उठून इस्माईलियाला ट्रंक कॉल लावला, तो लागला नाही.

गुरुवारी तो लवकर परत आला. पाय धुतले. जेवायला बसला. मुलुखियाचा वास घरभर होता. त्या भाजीचा वास आजही लुत्फीला सहन होत नाही, आणि या देशात ती भाजी चुकवणं म्हणजे ऊन चुकवणं. आईनं विचारलं, “काय म्हणाले?” सामेह म्हणाला, “दुसरा घेतला.” आई म्हणाली, “काल दुपारभर तुझं वाजवणं ऐकत होते मी. मला कळत नाही असं समजू नकोस. गिटार कुणी बिघडवली?” तिनं बघितलं मात्र लुत्फीकडे. खाचा पाडणारा घरात एकच होता. आणि लुत्फी म्हणाला, “त्यानंच सांगितलं होतं मला. सगळं वाजावं म्हणून.” सामेहच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यानं भाजीत बुडवला, तोंडात घातला, चावला, गिळला. मग म्हणाला, “हो. मीच.”

त्यानंतर काही झालं नाही. कुणी ओरडलं असतं तर फार बरं झालं असतं. दोन महिन्यांनी सामेह, इजिप्तमधले हजारो जात होते तसा, बगदादला गेला, विटा वाहायला. तिकडून पत्राऐवजी कॅसेट यायच्या. तो बोलायचा, मागे कुणीतरी खोकायचं. एका कॅसेटमध्ये तो म्हणाला, “लुत्फी, गिटार पडून राहू देऊ नकोस. वाजव. तुझा हात बसेल तिच्यावर, तू लहान आहेस.” हात बसायला दोन वर्षं लागली. मग त्याच गिटारनं त्याला सगळं दिलं: लग्नं, नाव, ‘सगळं वाजवणारा लुत्फी’ अशी ख्याती. तिसऱ्या वर्षीच्या शरदात बगदादहून तिकडे मेलेल्या कामगारांच्या लाकडी पेट्या यायला लागल्या. एकेका विमानात कितीतरी. सामेहच्या पेटीबरोबरच्या कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं होतं. अठ्ठावीस वर्षांचं हृदय. आई त्या कागदाला काही बोलली नाही. बोलली ती सामेहला. मरेपर्यंत, दारात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, “माझ्या पोरानं हौसेनं गिटार कापून घेतली आणि स्वतःचं नशीब कापलं. हॉटेलात असता आज, टाय लावून.” लुत्फी चहा आणून ठेवायचा, कपात साखर घालायचा, ढवळायचा. मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्यावर काहीही टाकलं तरी तो ‘हो, मीच’ म्हणतो.

बारा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सामेहच्या गिटारची दांडी पिळली आणि पाचव्या जादा पडद्यापाशी चिरली. चिरायचीच होती. लुत्फीनं ती कपाटावर टाकली आणि वर्षभरानं इनासच्या नवऱ्याकडे नोकरी धरली. नवरा गेला, दुकान इनासकडे आलं, लुत्फी दुकानाबरोबर आला. तेव्हापासून सरळ, कोऱ्या, बारक्या गिटारी. दिवसाला सहा-सात. कुठलीच त्याची नाही. आपण दुसऱ्यांच्या घरात दिवे लावून बघणारा माणूस आहोत असं त्याला वाटे. चालतात का बघायचे आणि विझवून बाहेर पडायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. बोट अकरा वर्षं गप्प बसून होतं, ते गेलं नव्हतं कुठंच. आज तसाच लाल रंग दिसला असेल, किंवा या दांडीची जाडी तशी असेल, किंवा त्या बाईनं भाऊ म्हटलं म्हणून असेल. ते घरी निघालं आणि घर जागेवर नव्हतं.

सोमवारी त्यानं करवत काढली. नाही म्हणता आलं असतं. लाकूड कच्चं आहे, टिकणार नाही, असं सांगितलं असतं तर इनासनं दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं. रशाचा नंबर पावतीवर होता. पावती त्याच्या खिशात होती. त्यानं ती तीनदा काढली आणि तीनदा परत ठेवली, आणि मधल्या वेळात दांडीवर खडूच्या खुणा केल्या. मापं घ्यावी लागली नाहीत. पहिली खाच त्यानं सावकाश पाडली. दुसरीपासून हात आपोआप चालू लागला. लाकडाचा भुसा बोटांवर पडत होता, गोडसर वासाचा, आणि लुत्फी एकोणीस वर्षांचा होत चालला होता. मंगळवारी तो पडदे ठोकत असताना इनास मागून येऊन म्हणाली, “काय हो उस्ताद, शीळ घालताय? अकरा वर्षांत मी तुमची शीळ ऐकली नाही.” त्यानं ओठ मिटले. आपण शीळ घालत होतो हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली. ती खरीखुरी, थुंकून टाकावीशी वाटणारी किळस होती, आणि तरी त्यानं पाचवा पडदा इतका नेमका बसवला की त्यावरून नख फिरवलं तर अडत नव्हतं.

बुधवारी दुपारी रशा आली. औषधाच्या दुकानाचा पांढरा कोट हातावर, घामानं चेहरा चमकत, पण खुशीत. “वाजवा ना अम्मो, मला फोनवर घेऊ द्या. बाबांना दाखवते.” इनासनं पंखा बंद केला, त्याचा आवाज नको म्हणून. लुत्फीनं वायर जोडली. हॉटेलातले कॉर्ड त्यानं मुद्दाम आधी घेतले. सामेह जे वाजवणार होता तेच, तसंच, गुळगुळीत. एकही कॉर्ड आंबला नाही. प्रत्येक बोट नव्या पडद्याच्या पलीकडे, जिथं जायला हवं तिथं, तयार होऊन पडत होतं. मग ते रडवं वादन, मग धडाड-धडाड, मग नूबी चाल. आणि मग बोट दोन पडद्यांच्या मधे गेलं, आणि या वेळी तिथं पडदा होता.

सूर लागला. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते सुख. सरळ, निर्लज्ज सुख, घरी पोहोचल्याचं. त्यानं तो सूर लांबवला. रशाच्या डोळ्यांत पाणी होतं. इनाससुद्धा बिया सोलायची थांबली होती.

“ऐकलंत?” रशा फोनमध्ये म्हणाली, आणि तिनं तो बंद केला. “अम्मो, बाबांना हे दाखवलं की निम्मं काम झालं. आता उरलेलं निम्मं शुक्रवारी. शुक्रवारी याह्याच्या बँडचा कार्यक्रम आहे, कॉलेजात, पहिलाच मोठा. उसनी गिटार मी त्याच्या मित्राला परत पाठवून दिलीय, त्याला न सांगता! स्टेजवर चढायच्या आधी ही त्याच्या हातात देणार. त्याचा चेहरा बघायचाय मला.” ती गिटारवरून हात फिरवत होती. “त्याचा हात बसेल ना लगेच? तुमच्या भावाला किती दिवस लागले?”

लुत्फीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. नेहमीची वाक्यं जिभेवर रांगेत उभी होती. बसतो हो हात. तरुण आहे. दोन दिवस. त्यातलं कुठलंही चाललं असतं. इनास पिशवीची चेन उघडून धरून उभी होती.

“नाही बसला,” तो म्हणाला.

“काय?”

“त्याचा हात नाही बसला. त्याला एकच दिवस मिळाला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात वाजवून दाखवायचं होतं, ते वाजलं नाही. मग तो इराकला गेला आणि पेटीतून आला.” आवाज त्याचाच होता, पण शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता. “त्यानं नव्हती कापून घेतली. तो गावाला गेला होता. ती मी कापली. त्याला न सांगता. भेट म्हणून.”

पंखा बंद होता, त्यामुळे बाहेरच्या चौकातले हॉर्न एकदम आत आले. इनासनं पिशवीची चेन हळूच परत लावली. एकोणचाळीस वर्षं लुत्फीला वाटत आलं होतं की हे एकदा बोललं की छातीवरचं काहीतरी उतरेल, निदान हलेल. काही हललं नाही. रशा गिटारकडे बघत होती. त्या पाच चकचकीत पट्ट्यांवरून तिची नजर एकेक करून गेली, सामेहची गेली होती तशीच, आणि मग ती लुत्फीवर आली.

“मग ही का कापलीत?” तिनं विचारलं.

तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. लुत्फीनं खाली पाहिलं. त्याचं बोट अजून त्याच पडद्यावर होतं, आणि दुसरा हात नकळत ती तार पुन्हा छेडत होता.